आधी चौकाचा कोपरा, मग सायकल ट्रॅक

सोलापुरात रस्ते सुरक्षित करायचा विषय निघाला की पहिली मागणी होते सायकल ट्रॅकची आणि दुसरी गतिरोधकाची. माझं मत असं की या दोन्हींच्या आधी पैसा आणि डोकं चौकाच्या कोपऱ्यावर खर्च करावं. सरळ रस्त्यावर चालणारा माणूस कडेकडेने कसाबसा जातो. गाडीशी त्याची खरी गाठ पडते ती गल्लीच्या तोंडाशी आणि चौकात, वळणाऱ्या गाडीसमोर. तिथे रस्ता चुकीचा आखलेला असेल तर पुढचा दोन किलोमीटरचा रंगीत ट्रॅक काही कामाचा नाही, कारण त्या ट्रॅकपर्यंत पोचायलाच तो कोपरा ओलांडावा लागतो.

शहराचा आकार मुळात पायी आणि सायकलने फिरण्याजोगा आहे. १९९२च्या हद्दवाढीत सोलापूर सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ वर गेलं. त्या जुन्या ३३ चौरस किलोमीटरचं वर्तुळ मानलं तर मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर भरतं जेमतेम सव्वातीन किलोमीटर. ताशी १२ किलोमीटरच्या आरामशीर वेगाने सायकलला पंधरा-सोळा मिनिटं लागतात. हद्दवाढ भाग लांब आहे, जुळे सोलापूर किंवा विडी घरकुलहून येणाऱ्यांना बस चांगलीच हवी, पण बसपर्यंत आणि बसपासून पुढे चालायचंच असतं. आणि आजही इथे चालणारे कमी नाहीत. विडी कारखान्यात माल द्यायला निघालेल्या बायका, यंत्रमागाच्या पाळीला सायकलवर जाणारे कामगार, क्लासला जाणारी मुलं, सिव्हिलला आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक. यांना चालण्याचं महत्त्व पटवून द्यायची गरज नाही. ते चालतातच, त्यांना फक्त धडपणे घरी पोचू द्यायचं आहे.

आता कोपऱ्याचं गणित. समजा, मोठ्या रस्त्याला ९ मीटर रुंदीचा एक छोटा रस्ता मिळतो. मोठ्या रस्त्याच्या फुटपाथची रुंदी २ मीटर, म्हणजे माणूस साधारण कर्बपासून, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडापासून, १ मीटर आत चालतो. कोपऱ्याची गोलाई १० मीटर त्रिज्येची असेल, तर त्या सरळ रेषेत चालणाऱ्याला ओलांडावं लागणारं अंतर ९ मीटर राहत नाही. दोन्ही बाजूंना साडेपाच-साडेपाच मीटर वाढून ते वीस मीटरच्या घरात जातं. तीच गोलाई ४ मीटर त्रिज्येची केली तर अंतर होतं सुमारे पावणेबारा मीटर. सेकंदाला १.२ मीटर या चालीने सतरा सेकंदांचं ओलांडणं दहा सेकंदांवर येतं. आणि हा फायद्याचा अर्धाच भाग. मोठ्या गोलाईवर दुचाकीवाला ब्रेकला हातही न लावता वळतो. लहान गोलाईवर त्याला वेग ताशी १५ किलोमीटरच्या आसपास आणावाच लागतो, नाहीतर गाडी समोरच्या लेनमध्ये जाते. ‘सावकाश चालवा’चा बोर्ड जे करू शकत नाही, ते इथे कर्बचा दगड करतो.

यावर हमखास येणारी हरकत म्हणजे बस, अग्निशमनची गाडी आणि पाण्याचा टँकर वळणार कसे? हरकत रास्त आहे आणि तिला रास्त उत्तरही आहे. बसला लागते ती चाकांच्या वाटेची त्रिज्या, कर्बची नव्हे. कडेला पार्किंगची पट्टी असेल, तर गाडी मुळातच कर्बपासून दोन मीटर बाहेरून वळते आणि तिची वाट आपोआप मोठी होते. ज्या कोपऱ्यावरून बसचा मार्ग खरोखर जातो, तिथे ४ ते ५ मीटर त्रिज्येचा कर्ब ठेवून त्याच्या बाहेर काळ्या दगडाच्या खडबडीत फरसबंदीची, ५ ते ७ सेंटिमीटर उंचीची उतरती कड द्यावी. बसचं मागचं चाक तिच्यावरून जातं, कार आणि दुचाकी तिच्यावर जायला कचरतात. पेठांतल्या ज्या गल्ल्यांत रिक्षा आणि छोटा हत्तीच्या पलीकडे काही जात नाही, तिथे ३ मीटर त्रिज्याही पुरते. वर्षातून एकदा येणाऱ्या बंबासाठी रोज हजार माणसांना वीस मीटर पळवू नये. बंबाला तेवढ्यापुरती समोरची लेन वापरता येते.

हे सगळं काँक्रीट ओतायच्या आधी रंगवून बघता येतं, आणि बघावंच. दोन्ही रस्त्यांच्या कर्बच्या रेषा सुतळीने पुढे ताणून त्या जिथे मिळतात तो बिंदू खडूने काढायचा. तिथून दोन्ही रेषांवर ४-४ मीटर मागे मोजून खुणा करायच्या. रस्ते काटकोनात मिळत असतील, तर त्या दोन खुणांपासून फुटपाथच्या बाजूला ४-४ मीटर आत मोजलं की दोन्ही मापं जिथे मिळतात तो मध्यबिंदू. तिथे खिळा ठोकून ४ मीटरच्या दोरीने फक्कीची कमान ओढायची. ही झाली नवी कड. या कडेवर दर दीड मीटरला वाकणारे रबरी खांब बोल्टने बसवायचे, नाहीतर वाळूने अर्धे भरलेले ड्रम ठेवायचे आणि त्यांना लाल-पांढरी चमकणारी पट्टी गुंडाळायची. सुटे दगड, विटा, मोकळे कोन असलं काही नको. कोन दुसऱ्या दिवशी गायब होतात आणि अंधारात विटेवर दुचाकी गेली तर सुरक्षेच्या नावाखाली आपणच अपघात घडवलेला असतो. मनपाचं विभागीय कार्यालय आणि पोलिसांची वाहतूक शाखा या दोघांचं लेखी पत्र आधी घ्यायचं. पहिल्याच दिवशी बस, घंटागाडी आणि टँकर प्रत्यक्ष वळवून बघायचे. चाक कुठल्या ड्रमला लागतं ते कळलं की कमान तेवढी सरकवायची. किमान दोन आठवडे ठेवावं. पहिले तीन-चार दिवस लोक गोंधळतात, त्यावरून निकाल काढू नये.

परिणाम मोजायला रडार गन लागत नाही. रस्त्यावर ३० मीटर अंतरावर फक्कीच्या दोन रेषा मारायच्या आणि गाडी पहिलीवरून दुसरीवर जायला किती सेकंद लागले ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघायचं. १०८ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी वेग मिळतो. ३.६ सेकंद म्हणजे ताशी ३०, २.१६ सेकंद म्हणजे ताशी ५०. रस्ता मोकळा असताना ५० गाड्या मोजायच्या, कारण कोंडीत सगळेच सभ्य असतात. मग वेग उतरत्या क्रमाने लिहून वरून आठवा आकडा बघायचा. वाहतुकीचे अभियंते साधारण हाच आकडा धरतात, म्हणजे ८५ टक्के गाड्या ज्याच्या आत आहेत तो वेग. सरासरी सांगू नका, सरासरीत हळू रिक्षा वेगवान दुचाकीला झाकून टाकतात.

वेगाचा एवढा आग्रह का, ते थांबायच्या अंतरावरून कळतं. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला, तर ताशी ३० वरची गाडी सुमारे १४ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० वर तिला लागतात ३० मीटर. म्हणजे १५ मीटरवर मूल रस्त्यात आलं, तर पहिली गाडी त्याच्या अलीकडे थांबलेली असते. दुसरीने तेवढ्यात ब्रेकला जेमतेम स्पर्श केलेला असतो आणि ती जवळपास पूर्ण वेगाने धडकते. शाळा, दवाखाने आणि पेठांच्या रस्त्यांवर ३० ची मर्यादा मागायची ती या कारणासाठी. बोर्ड लावून ती येत नाही, रस्त्याच्या आखणीनेच आणावी लागते.

गतिरोधक हा त्यातला एक उपाय, पण आपल्याकडे होतो तसा नव्हे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब असतो. त्यावरून ताशी २५ च्या आसपास आरामात जाता येतं. गल्लीत रातोरात उभा राहतो तो १५ सेंटिमीटर उंच आणि अर्धा मीटर लांब उंचवटा. त्यावर गाडी आपटते, गरोदर बाई आणि पाठीचा पेशंट कळवळतो, सायकलवाला उतरून जातो आणि दुचाकीवाला कडेच्या फटीतून, म्हणजे नेमका चालणाऱ्याच्या अंगावरून, निसटतो. पिवळ्या-काळ्या रबरी पट्ट्या याहून वाईट. उन्हाने आणि ट्रकने त्यांचे तुकडे निघतात आणि डांबरात उभे राहिलेले बोल्ट टायर फाडतात.

शाळेसमोर आणि बाजारात गतिरोधकापेक्षा उंच झेब्रा क्रॉसिंग करावं. फुटपाथच्याच उंचीवर, म्हणजे १० ते १५ सेंटिमीटर, ३ ते ४ मीटर रुंद सपाट माथा आणि दोन्हीकडे गाड्यांसाठी उतार. चालणारा उतरत-चढत नाही, गाडी चढते. व्हीलचेअर आणि बाळाची गाडी सरळ जाते. यात घोळ होतो तो पाण्याचा. उंचवटा कर्बला कर्ब भिडवला की कडेने वाहणारं पावसाचं पाणी अडतं आणि सप्टेंबरच्या एका जोरदार सरीत क्रॉसिंगच्या चढाच्या बाजूला, म्हणजे पाणी वाहत येतं तिकडे, तळं साचतं. मग नागरिकच ते फोडा म्हणतात आणि ठेकेदार जेसीबीने फोडतो. म्हणून आराखड्यातच क्रॉसिंगच्या चढाच्या बाजूला जाळीचं चेंबर हवं. जाळीचे गज रस्त्याला आडवे असावेत. उभे असले की सायकलचं चाक फटीत अडकतं. पट्ट्या साध्या रंगाने मारू नयेत. गरम करून लावायचा थर्मोप्लास्टिक रंग, त्यात काचेचे मणी, जाडी अडीच मिलिमीटर. साधा ऑइल पेंट आपल्या उन्हात एक उन्हाळा नीट काढत नाही.

विजापूर रोड, होटगी रोडसारख्या रुंद रस्त्यांवर मध्ये थांबायला जागा हवीच. दुभाजकाला जिथे लोकांनी स्वतःच वाट पाडली आहे, तिथेच क्रॉसिंग द्यावं. शंभर मीटर पुढे देऊन जाळी लावली तर जाळी कापली जाते. हा बेशिस्तीचा प्रश्न नाही, ऊन डोक्यावर असताना कोणीही जवळचा रस्ता धरणारच. या मधल्या थांब्याची खोली २ मीटर धरावी, कारण सायकल सुमारे १.८ मीटर लांब असते आणि तिचं मागचं चाक लेनमध्ये राहता कामा नये. थांबा रस्त्याच्याच पातळीवर, पायरीशिवाय. सिग्नल असेल तर हिशोब असा: १४ मीटर रुंद रस्ता, म्हाताऱ्या माणसाची चाल सेकंदाला ०.८ मीटर, म्हणजे साडेसतरा सेकंद, शिवाय निघायला पाचेक सेकंद. बावीस-तेवीस सेकंदांपेक्षा कमी वेळ दिला, तर तो सिग्नल फक्त तरण्यांसाठी आहे. सात रस्त्यासारख्या ठिकाणी, जिथे संगमेश्वर कॉलेजची मुलं आणि चारी दिशांची वाहनं एकत्र येतात, तिथे एका दमात पलीकडे नेण्यापेक्षा दोन-तीन टप्प्यांत ओलांडू देणं शहाणपणाचं.

फुटपाथबद्दल एकच आग्रह धरायचा असेल तर सलगपणाचा धरा. चालायला मोकळी १.८ मीटर रुंदी, डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची, कर्ब १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नाही. ही मापं कागदावर सगळीकडे असतात. प्रत्यक्षात दर बंगल्याच्या गेटसमोर फुटपाथ उतरतो, पुन्हा चढतो, आणि दहा गेटनंतर गुडघे दुखणारी आजी रस्त्यावर उतरून चालते. फुटपाथ सपाट ठेवून उतार गाडीने घ्यायला हवा: कर्बच्या लगतच्या अर्ध्या-पाऊण मीटरच्या पट्टीत, जिथे खांब आणि झाडं असतात तिथे. घरमालक सुरुवातीला कुरकुरतात. त्यांची गाडी आत जाते, एवढं दाखवलं की शांत होतात.

पेव्हर ब्लॉकचंही सांगतो, कारण इथे सगळा दोष ‘निकृष्ट काम’ या दोन शब्दांवर ढकलला जातो. आपल्याकडे बऱ्याच भागांत खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून मुरूम भरून रोलरने नीट दाबला नाही, तर वर कितीही महाग ब्लॉक लावा, दोन पावसाळ्यांत तो डुलणार. चालायच्या भागाला ६० मिलिमीटरचा ब्लॉक पुरतो, गाडी ओलांडणार तिथे ८० चा हवा. खाली तीनेक सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर. कडेला पक्का कर्ब नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात आणि फटी पडतात. आणि पाइपलाइनसाठी खणलं की ब्लॉक परत त्याच मुरमावर, दाबून बसले पाहिजेत. नुसते मातीवर अंथरले की तिथेच पाऊल मुरगळतं. चकचकीत टाइल नकोच, पहिल्या पावसात त्यावर माणूस घसरतो.

सावली हा सोलापुरात शोभेचा विषय नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, इमारतींची सावली पायाशी गोळा होते. त्या वेळी झाडाशिवाय सावली मिळतच नाही. कडुनिंब, करंज ६ ते ८ मीटरवर लावावेत, आळं किमान १.२ मीटर चौरस उघडं. खोडापर्यंत काँक्रीट भिडवलं की मुळं श्वास घेऊ शकत नाहीत, झाड खुरटतं आणि वादळात पडतं. उत्तर-दक्षिण रस्त्यावर जागा एकाच बाजूला असेल, तर झाडं पूर्वेच्या फुटपाथला द्या. पश्चिमेच्या फुटपाथला दुपारनंतर इमारतींचा आडोसा मिळतो, पूर्वेचा फुटपाथ मात्र तेव्हाच तापतो.

आता सायकल. पेठांतल्या अरुंद रस्त्यांवर वेगळा ट्रॅक मागू नये. गाड्या ताशी ३० च्या आत आल्या की सायकल त्यांच्यातच सुरक्षित चालते. वेगळा ट्रॅक लागतो तो जिथे गाड्या ५० ने धावतात आणि जड वाहनं असतात तिथे, म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे पाळीला जाणाऱ्यांच्या वाटेवर, होटगी रोडवर. एकेरी ट्रॅक २ मीटर रुंद हवा, एकमेकांना ओलांडता येईल इतका. पृष्ठभाग डांबराचा किंवा काँक्रीटचा. पेव्हरवर सायकल थडथडते आणि सायकलवाला दोन दिवसांत ट्रॅक सोडून परत रस्त्यावर येतो. ट्रॅक पार्किंगच्या आतल्या बाजूला काढला, तर मध्ये कारचं दार उघडेल एवढी ७५ सेंटिमीटरची पट्टी सोडा. दुचाकी शिरू नये म्हणून खांब ठोकायची पद्धत आहे, ती फसते. व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की स्कूटरही जाते. स्कूटर अडेल एवढी फट ठेवली की सामान लावलेली सायकलही अडकते. खांब कारपुरते, १.२ मीटर अंतरावर. दुचाकीसाठी पोलिसांचा दंड आणि नो एंट्रीतून जायचा मोह होणार नाही अशा जागी दुभाजकाला वळण, एवढंच चालतं.

पार्किंगवर भांडण होणार, ते टळत नाही. एका कारला साधारण १२ चौरस मीटर जागा लागते, तेवढ्यात सहा दुचाक्या किंवा दहा सायकली बसतात. नवी पेठेतल्या दुकानदाराला हे गणित दुकानाच्या भाषेत सांगावं: त्याच्या दारात एका गिऱ्हाइकाची कार सकाळपासून उभी राहावी की दिवसभरात पन्नास गिऱ्हाइकं येऊन जावीत? सगळं पार्किंग काढायचा हट्ट मी धरणार नाही. कोपऱ्यापासून १० मीटरपर्यंत मात्र एकही गाडी नको, कारण तिच्या आडून मूल दिसत नाही. फेरीवाल्यांनाही हुसकावू नये. २०१४च्या कायद्याने त्यांचं सर्वेक्षण करून जागा नेमून द्यायची आहे. कर्बलगतची दीड मीटरची पट्टी त्यांना दिली तर मागे चालायला वाट मोकळी राहते, आणि रात्री नऊला एकट्या बाईला त्या गाड्यावरच्या दिव्याचा आधार असतो.

सुरुवात कुठून करायची, तर माझ्या मते ६८ लिंगांच्या वाटेवरून. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या या लिंगांची प्रदक्षिणा जुन्या शहराला वळसा घालते. दर जानेवारीत नंदीध्वज, म्हणजे माणसांनी पेललेल्या उंच काठ्या, निघतात तेव्हा त्या रस्त्यांवर गाड्या थांबतात आणि हजारो माणसं चालतात. ही चालायची वाट सगळ्या सोलापूरकरांना आधीच मान्य आहे, तिच्यावरचे कोपरे सुधारायला कोणी ‘का’ म्हणून विचारणार नाही. एक पथ्य पाळावं लागेल: या मार्गावर उंच कमानी, आडव्या तारा आणि कायमचे खांब नकोत. मधले थांबे काढता-घालता येणाऱ्या खांबांचे ठेवावेत, म्हणजे नंदीध्वजांना अडथळा होत नाही.

मनपाकडे मागणी करताना ‘रस्ता सुरक्षित करा’ असं लिहू नका, त्याला उत्तर म्हणून दोन बोर्ड मिळतात. अर्जात चौकाचं नाव, आजच्या कोपऱ्याची त्रिज्या, ओलांडायचं अंतर, ५० गाड्यांचे वेग आणि हवी असलेली मापं लिहा. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९८अ सांगा. ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्त्याची रचना किंवा देखभाल झाली नाही आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे, तेही जोडा. आणि अर्ज निविदेच्या आधी गेला पाहिजे. एकदा अंदाजपत्रकात ‘कर्ब स्टोन, इतके रनिंग मीटर’ एवढंच लिहून मंजूर झालं की जागेवरचा ठेकेदार त्रिज्या बदलत नाही, कारण त्याला पैसे मिळतात ते मीटरवर. म्हणून चौकाचा १:२०० प्रमाणातला आराखडा, त्यावर प्रत्येक कोपऱ्याची त्रिज्या आकड्यात लिहिलेली, निविदेचा भाग करून मागा. दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, किती आहे तेही त्याच वेळी विचारून ठेवा. पहिल्या पावसाळ्यात डुलणारे ब्लॉक तारखेसह फोटो काढून त्या मुदतीच्या आत कळवले, तर ठेकेदाराला ते स्वतःच्या खर्चाने बसवून द्यावे लागतात.